सिंगापूरचे बा-अलवी सय्यद

बा-अलवी हे येमेनच्या हदरमौत खोऱ्यातून हिंदी महासागरभर पसरलेले सय्यद घराणे आहे. सीरियाच्या लाताकिया किनाऱ्यालगतच्या डोंगरांत वसलेला अलवी समाज वेगळा. त्याची परंपरा नवव्या शतकातील इब्न नुसैरपासून सुरू होते आणि ती शिया पंथातून फुटलेली आहे. बा-अलवी मात्र सुन्नी असून शाफई मत पाळतात. हजरत अली यांच्याशी नाते दोघेही सांगतात, पण एकाचे नाते श्रद्धेचे आहे आणि दुसऱ्याचे रक्ताचे.

हजरत हुसैन यांच्या वंशातील अहमद बिन ईसा इ.स. 929 मध्ये बसरा सोडून निघाले आणि पुढे हदरमौतला पोहोचले. म्हणून त्यांना ‘अल-मुहाजिर’ म्हणतात. त्यांचा नातू अलवी याच्या नावाने घराणे ओळखले जाऊ लागले आणि तरीम हे शहर त्याचे केंद्र बनले. तेराव्या शतकात मुहम्मद बिन अली यांनी अलविया तरीका स्थापन केला. तलवार बाजूला ठेवून विद्या, उपासना आणि मध्यस्थी यांवर प्रतिष्ठा उभारण्याची रीत या घराण्याने पाळली. भांडणाऱ्या टोळ्यांमध्ये समेट घडवणे हे सय्यदांचे काम मानले जाई.

खोरे कोरडे आणि जमीन थोडी, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या माणसे बाहेर पडत राहिली. ऐदरूस शाखेचे सय्यद सुरत आणि अहमदाबादेत स्थिरावले. हदरमौतचे टोळीवाले शिपाईगिरीसाठी दख्खनमध्ये आले. 1817-18 च्या युद्धात सीताबर्डी आणि मालेगाव येथे इंग्रजांशी लढलेल्या अरब तुकड्या याच वर्गातल्या. मराठवाड्यातील चाऊस कुटुंबे अशाच अरब शिपायांचे वंशज होत. सय्यद मात्र बहुधा व्यापारी किंवा धर्मोपदेशक म्हणून निघाले आणि त्यांचा ओढा आग्नेय आशियाकडे राहिला.

रॅफल्स यांनी 1819 मध्ये सिंगापूरला ठाणे उभारले. त्यानंतर लवकरच सय्यद मुहम्मद बिन हारून अल-जुनैद आणि त्यांचे पुतणे सय्यद उमर बिन अली हे पालेमबांगहून तेथे आले. उमर यांनी 1820 मध्ये बांधलेली कांपोंग मलाका येथील मशीद सिंगापुरातील पहिली मानली जाते. पाठोपाठ अल-सक्काफ आणि अल-काफ ही घराणी आली. अल-सक्काफ घराण्यातील सय्यद अहमद यांनी हज्जा फातिमा या धनाढ्य व्यापारी स्त्रीच्या मुलीशी लग्न केले. अशा विवाहांमुळे अरब पाहुणे मलय समाजाचे जावई झाले, आणि पुढच्या पिढ्यांच्या घरांत मलय भाषा रुळली.

मसाले, कापड आणि जहाजे यांच्या जोडीला हज यात्रेची वाहतूक हा मोठा धंदा होता. जावाच्या डच सरकारचे निर्बंध चुकवून अनेक यात्रेकरू सिंगापूरमार्गे जात. ज्यांच्याकडे भाड्याचे पैसे नसत, त्यांना उचल मिळे. ती फेडण्यासाठी काहींना जोहोरमधील कुकुप येथील अल-सक्काफ मळ्यावर राबावे लागे. 1880 मध्ये या घराण्याशी संबंधित ‘जेद्दा’ जहाज बिघडले. कप्तान आणि गोरे अधिकारी शेकडो यात्रेकरूंना सोडून पळाले, पण जहाज बुडाले नाही. दुसऱ्या जहाजाने ते ओढत एडनला आणले. जोसेफ कॉनरॅड यांची ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी याच प्रकरणावर बेतलेली आहे.

धंद्यातून आलेला पैसा घरे, दुकाने आणि जमिनी यांत गुंतवला गेला. त्यातला काही भाग वक्फ झाला, म्हणजे मूळ मिळकत कायम ठेवून तिचे उत्पन्न धर्मकार्यासाठी लावण्यात आले. त्यातून शाळा उभ्या राहिल्या. अल-सक्काफ मदरसा 1912 चा, अल-जुनैद मदरसा 1927 चा. पामर रोडवरच्या टेकाडावर हबीब नूह यांचा दर्गा आहे. 1866 मध्ये वारलेल्या या सत्पुरुषाविषयी लहान मुलांवरील त्यांच्या मायेच्या कथा आजही सांगितल्या जातात.

विसाव्या शतकाच्या आरंभी समाजात फूट पडली. सय्यद स्त्रीने सय्यद नसलेल्या पुरुषाशी लग्न करावे का, हा त्यातला कळीचा प्रश्न. जावातील सुधारकांनी ‘करावे’ असे म्हटले आणि 1914 मध्ये अल-इर्शाद संघटना काढली. तिच्या विरोधात अलवी पक्ष एकवटला. हा वाद सिंगापूरच्या अरब घरांतही पोहोचला, कारण या घराण्याचा मान वंशावळीवरच टिकून होता.

मिळकतीला धक्का मात्र कायद्याने बसला. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली आणि 1966 च्या भूसंपादन कायद्याने सरकारला जमिनी ताब्यात घेणे सोपे झाले. भाड्यावर चालणाऱ्या घराण्यांची आर्थिक ताकद ओसरली. 1968 मध्ये मुस्लिम धार्मिक मंडळ स्थापन झाले आणि वक्फांचा कारभार त्याच्या देखरेखीखाली आला.

हा बदल मशिदींच्या बांधणीत स्पष्ट दिसतो. बुकित तिमा भागातील लुईस रोडवरची बा-अलवी मशीद हबीब मुहम्मद बिन सालिम अल-अत्तास यांनी 1952 मध्ये उभारली. शहराच्या वायव्येला बुकित पंजांग येथे पूर्वी मळे आणि खेडी होती, आज गृहनिर्माण मंडळाच्या इमारती आहेत. तेथील अल-इमान मशीद 2003 मध्ये सुरू झाली. मुस्लिम नोकरदारांच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम कापून 1975 पासून जो मशीद बांधणी निधी साठत आला, त्यातून ती उभी राहिली. एका घराण्याने बांधून देण्याचा काळ मागे पडला आणि तो भार सर्वांनी वाटून घेतला.

सय्यदांचे वजन तरीही संपलेले नाही. बा-अलवी मशिदीत इतर धर्मांच्या पाहुण्यांचे स्वागत होते. 1720 मध्ये वारलेले तरीमचे इमाम अब्दुल्ला अल-हद्दाद यांनी रचलेला रातीब, म्हणजे ठरावीक दुआंचा क्रम, सिंगापूरच्या अनेक मशिदींत एकत्र बसून म्हटला जातो. म्हणणाऱ्यांत बहुसंख्य मलय असतात. अल-जुनैद हे नाव आता रस्त्याला, मेट्रो स्थानकाला आणि संसदेच्या मतदारसंघाला आहे.