क्लच कोण बदलतो? हौशी मोटार-शर्यतींचा गाडीखालून दिसणारा इतिहास

मोटार-शर्यतींचा इतिहास आपण बहुतेक वेळा विजेत्यांच्या बाजूने ऐकतो. कोण पहिला आला, किती वेगाने आला, कोणत्या कंपनीची गाडी होती. आज आपण तो गाडीच्या खालून बघणार आहोत. प्रश्न साधा आहे. ज्याच्यामागे कंपनी नाही, पगारी मिस्त्री नाही, सोमवारी ज्याला कामावर जायचं आहे, असा माणूस या खेळात आला कसा आणि टिकला कसा? आम्हाला असं वाटतं की याचं बरंचसं उत्तर क्लचमध्ये आहे.

क्लचच का? टायर, ब्रेक हेही झिजतातच की. पण ते चाकापाशी असतात, चाक काढलं की हाताला लागतात. क्लच बसलेला असतो इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध. एका बाजूला इंजिनबरोबर फिरणारं जड फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट, आणि दोघांच्या मध्ये घर्षणाचं अस्तर लावलेली क्लच प्लेट. पेडल दाबलं की पकड सुटते, सोडलं की पकड येते. शर्यतीत गाडी उभ्या जागेवरून सोडताना ही प्लेट काही क्षण घासत राहते. त्या वेळी इंजिनचा वेग कायम धरला, तर पकड पूर्ण बसेपर्यंत गाडीला जेवढी गतीची ऊर्जा मिळते, तेवढीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. म्हणजे एका चांगल्या स्टार्टची किंमत प्लेट मोजते. झिजणं हे तिचं कामच आहे. आणि तिच्यापर्यंत पोचायचं तर निम्मी गाडी उघडावी लागते. म्हणून क्लच घरी बदलता येतो का, हा प्रश्न म्हणजे शर्यत आपल्या खिशाला झेपते का, हाच प्रश्न आहे.

आता थोडं मागे जाऊ. १९०७ साली इंग्लंडमध्ये सरे परगण्यात ब्रुकलँड्सचा ट्रॅक उघडला. खास मोटार-शर्यतींसाठी बांधलेला तो जगातला पहिला ट्रॅक. तिथलं वातावरण बरंचसं घोड्यांच्या शर्यतींसारखं होतं. पैसेवाले लोक, महागड्या गाड्या, आणि गाडीबरोबर आलेला मेकॅनिक. क्लच बिघडला तर मालकाचे हात काळे होत नसत.

हे चित्र बदलायला एक छोटी गाडी कारण झाली, ऑस्टिन सेव्हन. हर्बर्ट ऑस्टिन यांनी आपल्या घरातल्या बिलियर्ड्सच्या खोलीत स्टॅन्ली एज या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला बसवून तिची रेखाटनं करून घेतली आणि १९२२ साली ती बाजारात आली. चार सिलिंडरचं इंजिन लवकरच ७४७ सीसीचं झालं. सुरुवातीच्या उघड्या गाडीचं वजन चारशे किलोच्याही आत होतं. साइडकारवाल्या मोटरसायकलीवर बायको-मुलांना घेऊन जाणाऱ्या घरांना परवडावी, हा हेतू. १९३९ पर्यंत जवळपास तीन लाख गाड्या बनल्या.

या गाडीचा क्लच कुप्रसिद्ध होता. पेडलचा प्रवास इतका थोडा की एक तर पकड आहे, नाही तर नाही. मधलं काही नाहीच. आपल्याकडे ज्याला हाफ क्लच म्हणतात, त्याला तिथे जागाच नव्हती. पण हीच गाडी आतून अगदी मोकळी होती. दोन धडधाकट माणसं इंजिन हातांनी उचलून बाहेर काढू शकत. गॅरेजचा खड्डा नको, मोठी क्रेन नको. जोडीला मित्र असला आणि घरात पान्यांचा संच असला की भागलं.

१९३९ मध्ये या गाडीच्या चाहत्यांनी ७५० मोटर क्लब काढला. लगेच महायुद्ध सुरू झालं. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पेट्रोलला रेशन, नवीन गाड्या दुर्मीळ. पण जुन्या ऑस्टिन सेव्हन मात्र कवडीमोलाने मिळत होत्या. क्लबने त्यातून शर्यतीचा एक प्रकार उभा केला, ७५० फॉर्म्युला. पाया ऑस्टिन सेव्हनचा, बाकी स्वतःच्या हाताने घडवायचं. क्लबच्या आघाडीवर हॉलंड बर्केट होते. ते व्यवसायाने पशुवैद्य. १९५१ मध्ये क्लबने सिल्व्हरस्टोनला सहा तासांची रिले शर्यत भरवली, आणि ती पुढे बर्केट यांच्याच नावाने ओळखली गेली. सिल्व्हरस्टोन म्हणजे युद्धकाळातला विमानतळ. सैन्य गेलं, धावपट्ट्या उरल्या आणि त्यांवर हौशी मंडळी आली.

हौशी हा शब्द इथे आपल्या अर्थाने घ्या. आपल्याकडे हौशी नाटक मंडळी दिवसभर बँकेत, शाळेत काम करून रात्री तालीम करतात, नेपथ्यही स्वतः ठोकतात. त्यांना कोणी कच्चं समजत नाही. ७५० वाल्यांचं तसंच होतं. १९४८ साली कॉलिन चॅपमन या तरुणाने उत्तर लंडनमध्ये प्रेयसीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली. तिथून लोटस जन्मली. तिकडे न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅक्लॅरेन या मुलाने वडिलांबरोबर एक मोडकी ऑस्टिन सेव्हन दुरुस्त केली आणि तिच्यावरच तो शर्यत शिकला. फॉर्म्युला वनमधली दोन मोठी नावं, आणि दोघांचीही पहिली शाळा एकच: जी आपण स्वतः उघडू शकतो अशी गाडी.

तिसरं नाव अलेक इसिगोनिस यांचं. त्यांनी मित्र जॉर्ज डाउसन यांच्याबरोबर १९३० च्या दशकात कित्येक वर्षं खपून एक हलकी शर्यतीची गाडी हाताने बनवली. पुढे १९५९ मध्ये त्यांनीच रचलेली मिनी आली. मिनीत इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली. जागा इतकी कमी की हात घालायची पंचाईत. तरीही क्लच इंजिनच्या एका टोकाला असल्यामुळे इंजिन बाहेर न काढता, एका बाजूने थोडं उचलून, तो बदलता येतो. फक्त फ्लायव्हील निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेलं असतं, त्याला खास पुलर लागतो. असा पुलर एकाने घेतला की चौघांचं काम होतं. क्लब नावाची गोष्ट अशीच तर उभी राहते.

आता आपल्याकडे येऊ. मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धातली धावपट्टी होती. तिथेही १९५० च्या दशकापासून शर्यती होऊ लागल्या, सिल्व्हरस्टोनसारख्याच. आयातीवर बंधनं होती, त्यामुळे हाताशी होत्या त्या मोजक्या देशी गाड्या. त्यात मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. तिची मागची चाकं फिरतात. त्यामुळे क्लच बदलायचा क्रम सरळ. गाडी उचलून भक्कम स्टँडवर घ्यायची, प्रॉपेलर शाफ्ट सोडवायचा, गिअरबॉक्सचे बोल्ट काढून तो मागे ओढून खाली घ्यायचा. मग प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक करून नव्हे, समोरासमोरचे थोडे थोडे सैल करायचे, नाही तर प्लेट वाकते. नवी क्लच प्लेट बसवताना तिचं भोक नेमकं मध्यावर यावं लागतं. त्यासाठी जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट किंवा मापाने तासलेला लाकडी दांडा चालतो. आणि सगळं उघडलंच आहे तर रिलीज बेअरिंगही नवीन टाकायचं. थोडक्या पैशांसाठी तेवढ्यावरून पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं कोणाला परवडतं?

१९८० च्या दशकात मारुती ८०० आली, तेव्हा पुढची चाकं फिरू लागली आणि क्रम बदलला. ड्राइव्हशाफ्ट काढा, मग गिअरबॉक्स उतरवा. पण वजन कमी आणि सुटे भाग गावोगावी मिळणारे. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी याच ७९६ सीसीच्या इंजिनावर स्वस्त एक-आसनी शर्यतीची गाडी उभी केली, फॉर्म्युला मारुती. नारायण कार्तिकेयन यांनी शर्यतीची सुरुवात तिच्यावर केली आणि २००५ मध्ये ते फॉर्म्युला वनमधले पहिले भारतीय ठरले. ऑस्टिन सेव्हनने जे तिकडे केलं, ते इथे मारुतीने केलं.

या इतिहासाची एक काळी बाजूही सांगायला हवी. क्लचच्या अस्तरात अनेक दशकं ॲस्बेस्टॉस असायचं. जुनी प्लेट काढली की काळी धूळ पडायची, आणि ती फुंकून किंवा हवेच्या पाइपाने उडवून साफ करायची रीत सगळीकडे होती. ती धूळ फुप्फुसात जाते आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो. ब्रिटनने ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली ती १९९९ मध्ये. कारखान्यातल्या कामगाराला निदान कायद्याचा थोडा तरी आधार होता. घरच्या गॅरेजमध्ये तोही नव्हता. दुसरा धोका त्याहून जुना: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही. घरी काम करण्याचं स्वातंत्र्य म्हणजे सुरक्षेची जबाबदारीही घरचीच, हे विसरून चालत नाही.

मग आजचं काय? आज अनेक गाड्यांत दोन भागांचं ड्युअल-मास फ्लायव्हील असतं आणि ते बदलायचं तर खर्च मोठा. काही क्लच स्वतःच झीज भरून काढतात. ते बसवायला वेगळं हत्यार लागतं. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सला तर काम झाल्यावर संगणक जोडावा लागतो. बहुतेक विजेच्या गाड्यांत क्लचच नाही. गाड्या वाईट झाल्या असं आम्ही म्हणत नाही. त्या जास्त टिकतात, जास्त सुरक्षित आहेत. पण ऑस्टिन सेव्हन, मिनी, मारुती यांनी सामान्य माणसासाठी जी वाट उघडी ठेवली होती, ती अरुंद होत चालली आहे. शर्यत फक्त विकत घेता येईल अशी झाली, तर आपण पुन्हा ब्रुकलँड्सला पोचू.

यावर उपाय ७५० वाल्यांनी करून दाखवला आहे: शर्यतीचे नियमच असे लिहायचे, की गाडी घरी उघडता आली पाहिजे. पुढच्या वेळी एखाद्या नव्या स्पर्धेची जाहिरात वाचाल, तेव्हा बक्षिसाची रक्कम नंतर बघा. आधी नियमांची पुस्तिका उघडा आणि एवढंच विचारा: या गाडीचा क्लच कोण बदलणार?