पथ्याकडून घासाकडे

अंगावर पित्त उठले की आपल्या घरांत आमसुले भिजत पडतात. ते पाणी अंगाला चोळायचे, थोडी साखर आणि जिरेपूड घालून प्यायचेही. काही तासांत गांधी बसतात आणि आमसुलाचे नाव होते. वास्तविक अशी एकेक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत आपोआपच विरते. त्यामुळे तिच्यावर काहीही केले तरी ते लागू पडल्यासारखे दिसते. आमसूल सोडावे असे मी म्हणणार नाही, त्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण अन्न आणि अ‍ॅलर्जी या विषयात शिरणाऱ्याने 'आराम कशाने पडला?' हे विचारायची सवय आधी लावून घ्यावी.

हा विषय तसा तरुण आहे. 'अ‍ॅलर्जी' ही संज्ञा व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली रूढ केली. मग १९२१ मध्ये जर्मनीत एक धाडसी प्रयोग झाला. हाइन्झ क्युस्टनर यांना मासा सोसत नसे. त्यांचे रक्तद्रव कार्ल प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. मासे आरामात खाणाऱ्या प्राउसनिट्झ यांच्या अंगावर तेवढ्याच जागेत गांध उठली! दोष माशात नसून रक्तातल्या कसल्यातरी घटकात आहे, हे त्यातून कळले. तो घटक म्हणजे 'आयजीई' नावाचे प्रतिपिंड. तो ओळखला जायला १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. हे प्रतिपिंड ठरावीक पेशींवर चिकटून बसते आणि ओळखीचे प्रथिन आले की त्या पेशी हिस्टामिन सोडतात. खाज, सूज, शिंका, घरघर हा सगळा त्याचा पसारा.

हिस्टामिन बाहेरूनही पोटात जाऊ शकते. बांगडा किंवा टूना बर्फाशिवाय पडून राहिला की जिवाणू त्यात हिस्टामिन तयार करतात आणि ते शिजवूनही जात नाही. असा बांगडा खाऊन चेहरा लाल झाला, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे, विषबाधा आहे. ताजा बांगडा त्याच माणसाला खुशाल पचतो. 'मला बांगडा चालत नाही' म्हणणाऱ्यांतल्या काहींना खरे तर कोळणीचा बर्फ चालला नव्हता.

घरगुती उपायांची यादी लांबलचक आहे, पण तिच्यापाशी रेंगाळण्यात अर्थ नाही. कांद्यातले क्वेर्सेटिन आणि हळदीतले कर्क्युमिन परीक्षानळीत हिस्टामिनला आवर घालतात. ताटातल्या कांद्या-हळदीने तेवढे साधते असा भक्कम पुरावा मिळालेला नाही. परागकणांच्या सर्दीवर गावचा मध सुचवतात, पण मधमाशी फुलांवर बसते आणि सर्दी आणणारे पराग प्रामुख्याने वाऱ्यावर उडणारे, गवतांचे आणि काही झाडांचे असतात. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये.

या क्षेत्रातला सर्वांत मोठा शोध औषधांच्या यादीत नाही, तो पथ्यात सापडला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सल्ला दिला होता की, अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. सल्ला सद्‌भावनेचा होता, पण त्यामागे पुरावा तुटपुंजा होता. २००८ साली तो मागे घेतला गेला. त्याच वर्षी लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने दाखवले की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी इस्राएलमधल्या ज्यू मुलांपेक्षा सुमारे दहापट आहे. वंश एकच होता, फरक खाण्यात होता. इस्राएलमध्ये दात यायच्या वयातल्या बाळांच्या हातात 'बांबा' असते. मक्याची ही फुगीर कांडी शेंगदाण्याच्या लगद्यात घोळलेली असते आणि तोंडात घालताच विरघळते.

मग लॅक यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळे निवडली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांचा बंद ठेवला. २०१५ साली निष्कर्ष आले. वयाच्या पाचव्या वर्षी न खाणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्यांत सुमारे ३ टक्के. म्हणजे पथ्यानेच रोग वाढवला होता. जपानमध्ये इसब असलेल्या बाळांना शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोडी थोडी देऊन २०१७ साली असाच निष्कर्ष मिळाला.

याचे स्पष्टीकरण मला या विषयातले सर्वांत रोचक वाटते. प्रथिनाची पहिली भेट आतड्यात झाली तर शरीर बहुधा त्याला आपले मानते. फुटलेल्या, इसबाच्या कातडीतून झाली तर परके. शेंगदाणा तेल असलेली मलमे ज्या बाळांच्या चट्ट्यांना लावली गेली, त्यांच्यात ही अ‍ॅलर्जी अधिक आढळली होती. आपल्याकडे बाळाला तेल चोळून डाळीच्या पिठाने न्हाऊ घालतात. निरोगी कातडीची गोष्ट वेगळी, पण इसबाने चिरलेल्या कातडीवर डाळीच्या पिठाचे काय होते, हा प्रश्न मराठी मुलखातल्या एखाद्या तरुण संशोधकाने हाती घ्यावा असा आहे.

उष्टावणाच्या सुमारास, सहाव्या महिन्याच्या आसपास, शेंगदाणा अगदी बारीक वाटून पातळ पेजेत कालवून द्यायला बहुतेक बाळांना हरकत नसते. आपल्या खिचडीत आणि चटणीत तो असतोच. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर पहिला घास डॉक्टरांना विचारूनच द्यावा. आणि ज्याला अ‍ॅलर्जी जडलीच आहे, त्याच्यावर घरी 'सवय लावण्याचे' प्रयोग करू नयेत. ते काम तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे आहे.

एक विनंती पुढे वाचण्याआधीच करतो. काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला किंवा भोवळ आली, तर हे पुस्तक मिटा, आमसूलही शोधू नका, थेट दवाखाना गाठा. त्या वेळी उपयोगी पडते ते अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन.