मंतरलेल्या गोळीचा प्रवास

वैद्यकाचा इतिहास म्हणजे नव्या औषधांच्या शोधांची जंत्री, अशी एक समजूत रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. औषध सापडणे ही एक गोष्ट आणि ते रोगाच्या ठिकाणी, आणि शक्यतो तेथेच, पोचणे ही दुसरी. आपल्या वैद्यांनी औषधाबरोबर अनुपानाचाही विचार केला, तो उगाच नव्हे. स्तनांच्या उग्र कर्करोगावरील ज्या औषधांची कथा आम्ही येथे सांगणार आहोत, ती मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीची कथा आहे.

तिचा आरंभ पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञापासून करावा लागतो. काही रंग ठराविक पेशींनाच चिकटतात, इतरांना शिवत नाहीत, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. रंगाच्या जागी विष असेल तर रोगजंतू तेवढा मरेल आणि रोगी वाचेल, असा त्याचा तर्क. अशा औषधाला त्याने मंतरलेली गोळी म्हटले. १९१० साली उपदंशावर त्याचे साल्व्हरसान आले. परंतु जंतू हा बाहेरून आलेला परका असतो. कर्करोगाची पेशी ही घरचीच, फितूर झालेली. तिला वेचून मारणे फार अवघड.

ही अडचण डॉक्सोरुबिसिनने उघड केली. दक्षिण इटलीतील कास्तेल देल मोन्ते किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवाच्या कुळातून हे लालभडक औषध १९६० नंतरच्या दशकात हाती आले. स्तनांच्या कर्करोगावर ते प्रभावी ठरले. पण हृदयाच्या स्नायूलाही ते इजा करते. त्यामुळे ते एका रोग्याला जन्मभरात किती द्यावे यालाच मर्यादा घालावी लागली. अस्त्र होते, नेम नव्हता.

नेमाचे साधन अनपेक्षित ठिकाणी सापडले. १९६१ च्या सुमारास इंग्लंडात केंब्रिजजवळ बॅब्रहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम हे संस्थेत आलेला नवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चाचपून पाहात होते. काही स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळले की आपोआप त्यांच्या पोकळ कुप्या बनतात, असे त्यांना दिसले. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. पुढे औषधासाठी वापरलेल्या अशा कुप्या शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतात. कुपीत औषध भरून पाठवावे, ही कल्पना पुढच्या दशकात पुढे आली. पण यकृत आणि प्लीहा यांतील पेशी या कुप्या गिळून टाकीत. त्यांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण चढवल्यावर त्या रक्तात दिवसेंदिवस टिकू लागल्या.

दरम्यान १९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी दाखवले की, गाठीतील घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या पाझरक्या असतात. सूक्ष्म कण तेथे झिरपतात आणि साचतात. १९९५ साली अमेरिकेत डॉक्सिल या कुपीबंद औषधाला मान्यता मिळाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, पसरलेल्या स्तनकर्करोगावर त्याचा गुण मूळ औषधाएवढाच आला. हृदयाची हानी मात्र पुष्कळ कमी झाली. २००५ साली पॅक्लिटॅक्सेल हे औषध अल्ब्युमिन प्रथिनाच्या कणांवर स्वार होऊन आले आणि एरंडेलापासून केलेल्या त्रासदायक द्रावकाची गरज उरली नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लिपोडॉक्स तेथे तात्पुरते आयात करू देण्यात आले, हेही नमूद करण्यासारखे आहे.

येथवरची कमाई इजा कमी करण्याची. नेमाचे काय? स्तनांच्या काही उग्र कर्करोगांत पेशींवर हर-२ हे प्रथिन अतोनात असते. डेनिस स्लेमन यांनी १९८७ साली त्याचा संबंध रोगाच्या उग्रतेशी जोडला आणि १९९८ मध्ये त्यावर ट्रॅस्टुझुमॅब हे प्रतिपिंड आले. मग औषधाच्या कुपीलाच हर-२ ओळखणारे प्रतिपिंड-अंश जोडण्यात आले. एर्लिखचे स्वप्न शब्दशः उतरले असे वाटावे, असाच हा प्रयत्न होता! परंतु एमएम-३०२ या औषधाची स्त्रियांवरील चाचणी, लाभ दिसण्याची आशा नाही म्हणून, २०१६ च्या अखेरीस थांबवावी लागली. त्याच वर्षी मागील दहा वर्षांच्या प्रयोगांची मोजदाद प्रसिद्ध झाली: टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचे मध्यमान अवघे ०.७ टक्के. तेही बहुतांशी उंदरांत. आणि उंदराची झपाट्याने वाढलेली गाठ म्हणजे स्त्रीच्या शरीरातली गाठ नव्हे.

म्हणून स्वप्न खोटे ठरले काय? आम्हांस तसे वाटत नाही. कुपी वगळून, विषाचा रेणूच प्रतिपिंडाला बांधण्याची वाट अधिक फळली. हर-२ आणि संप्रेरकांच्या खुणा नसलेल्या, म्हणजे तिहेरी-नकारी, कर्करोगावर २०२० साली सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकन मान्य झाले. अनेक उपचार होऊनही रोग बळावलेल्या, पण मेंदूत न पसरलेल्या रोग्यांत त्याने आयुष्याचे मध्यमान ६.७ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर नेले.

साडेपाच महिने थोडे नव्हेत; पण ती रोगमुक्तीही नव्हे. उंदरातील गाठ विरघळल्याची बातमी वाचून आशेने दवाखान्यात येणाऱ्या स्त्रीला हा फरक स्वच्छ शब्दांत सांगणे, हे शास्त्राचे पहिले कर्तव्य होय. एर्लिखपासून आजवर शंभरांहून अधिक वर्षे लोटली. गोळी मंतरली गेली आहे. तिचा नेम अजून साधावयाचा आहे.