‘तो मी नव्हेच’ सांगण्याची पाळी!

सांगोला, प्रतिनिधी -
घरातील रोकड किंवा दागिने चोरीस गेले, तर ते लगेच लक्षात येते. माहितीच्या चोरीचे तसे नाही. चोरीनंतरही ती मूळ मालकाकडे जशीच्या तशी असते. त्यामुळे चोरी झाल्याचा पत्ताही लागत नाही. नाव, जन्मतारीख, आधार व पॅन क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील एकाच भामट्याच्या हाती पडला, की दुसऱ्याच्या नावाने सिमकार्ड घेणे, खाते उघडणे, इतकेच नव्हे तर कर्ज उचलणेही शक्य होते. यालाच ‘ओळखीची चोरी’ म्हणतात.

आचार्य अत्रे यांच्या १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकातील लखोबा लोखंडे निरनिराळी नावे धारण करून लोकांना फसवितो आणि न्यायालयात मात्र तो मी नव्हेच, असा कांगावा करतो. ओळखीच्या चोरीत हे चित्र उलटे होते. लखोबा पडद्याआड राहतो आणि निरपराध माणसालाच हे वाक्य सांगत बँकेच्या आणि पोलिस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

माहिती गळते कोठून?

ग्राहकाचा निष्काळजीपणा हे एकच कारण त्यामागे नसते. महाराष्ट्रातील पहिल्या मोठ्या प्रकरणांपैकी एक २००५ मध्ये पुण्यात उघडकीस आले. एम्फसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकेतील चार ग्राहकांचे पिन क्रमांक मिळवून सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळविल्याचा आरोप होता. येथे संगणक फोडावा लागला नव्हता. विश्वासाने दिलेली माहितीच वापरली गेली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये देशभरातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे स्पष्ट झाले. एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरले होते. एकट्या स्टेट बँकेने सुमारे सहा लाख कार्डे बदलण्याचा निर्णय घेतला.

११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात ९४ कोटी ४२ लाख रुपये लुबाडले गेले. डेबिट कार्डांच्या बनावट प्रती तयार करून २८ देशांतील एटीएममधून, तसेच कोल्हापूरसारख्या शहरांतूनही पैसे काढण्यात आले. खातेदारांच्या ठेवींना धक्का लागला नसल्याचे बँकेने स्पष्ट केले. पुण्यातील न्यायालयाने २०२३ मध्ये या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले.

धोका शहरापुरता नाही

डाळिंबासाठी ओळखल्या जाणाऱ्या सांगोल्यासारख्या तालुक्यात पीकविमा असो, ठिबक सिंचनाचे अनुदान असो वा बँकेचे कर्ज, आधार, पासबुक आणि सातबाऱ्याची झेरॉक्स प्रत जोडल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. या प्रती कोठे साठतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

शेतकऱ्यांची माहितीही उघडी पडलेली आहे. पीएम-किसान योजनेच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक दिसत असल्याचे एका संशोधकाने जानेवारी २०२२ मध्ये सरकारी यंत्रणेच्या निदर्शनास आणून दिले. ही त्रुटी दूर होण्यास मेअखेर उजाडली.

अंगठा लावून पैसे काढण्याच्या सोयीतही धोका आहे. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर हा व्यवहार होतो. ओटीपी लागत नाही. तेलंगणमध्ये २०१८ साली जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांवरून नकली ठसे बनवून सिमकार्डे सुरू केल्याचा प्रकार उघडकीस आला होता. पासवर्ड बदलता येतो, कार्ड बदलता येते. अंगठा बदलता येत नाही.

कायदा काय सांगतो?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड, इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी वा अन्य ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर करणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची, तसेच माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला कळविण्याची तरतूद त्यात आहे. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित करताना या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. शिवाय दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली, त्याला त्यातून भरपाई मिळणार नाही. त्यामुळे स्वतःचे रक्षण बव्हंशी स्वतःलाच करावे लागते.

ही दक्षता घ्या

* आधारची प्रत देताना शक्य तेथे केवळ शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. झेरॉक्सवर तारीख आणि कामाचा हेतू लिहून स्वाक्षरी करावी.
* आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा अॅपवरून बोटांचे ठसे ‘लॉक’ करता येतात. आधारचा वापर कधी झाला, याची नोंदही तेथे पाहता येते.
* आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तपासावे.
* सिबिलसह चारही पतमापन कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. आपण न घेतलेले कर्ज त्यात दिसल्यास बँक व कंपनी, दोघांकडेही लेखी तक्रार करावी.
* पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करून बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सूचनांनुसार, चूक ग्राहकाची वा बँकेची नसून अन्यत्र झाली असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तर नुकसानीचा भार ग्राहकावर पडत नाही.
* तक्रारीची पोच जपून ठेवावी. उद्या वसुलीची नोटीस दारात आली, तर तो मी नव्हेच, हे दाखविण्यासाठी तारीख असलेला तोच कागद उपयोगी पडतो.