लिथियम विद्युत्घटांची वाहतूक : वेष्टनाकडून घटाकडे

धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या पहिल्या शिफारशी १९५६ साली प्रसिद्ध झाल्या. मालाचे वर्गीकरण, योग्य वेष्टन, त्यावरील चिन्हे आणि पाठविणाराचे घोषणापत्र या आधारांवर पुढे ही व्यवस्था विस्तारत गेली. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन विद्युत्घट बाजारात आणले, तेव्हा तिच्यापुढे वेगळ्याच स्वरूपाचा प्रश्न उभा राहिला.

आम्ल सांडू न देणे, पेट्रोलला ठिणगीपासून दूर ठेवणे, हे वेष्टनाचे परिचित कार्य होय. लिथियम-आयन घटात मात्र ज्वालाग्राही द्राव आणि साठविलेली ऊर्जा एकाच कवचात नांदतात. आतील दोष, आघात किंवा दोन्ही ध्रुवांना झालेला धातूचा स्पर्श यांमुळे घट अतिशय तापल्यास आतील रासायनिक क्रियाच उष्णता वाढवीत जाते आणि शेजारचे घटही पेट घेतात. म्हणून घट एकमेकांपासून अलग ठेवणे, ध्रुव झाकणे व खोका भक्कम असणे आवश्यक ठरले. शिवाय घटाच्या प्रत्येक प्रकारास कमी वायुदाब, तापमानातील बदल, कंपन, आघात इत्यादी कसोट्या लावण्यात आल्या.

एवढ्याने भागत नाही, हे ३ सप्टेंबर २०१० रोजी दिसून आले. हाँगकाँगहून आलेले एक बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून कोलोनकडे निघाले असता सुमारे २२ मिनिटांनी मालकक्षातील आगीचा इशारा मिळाला. धुरामुळे वैमानिकांना समोरची उपकरणेही दिसेनाशी झाली. विमान परतीच्या प्रयत्नात दुबईत कोसळले व दोघेही मृत्युमुखी पडले. चौकशीत आगीचा उगम लिथियम घट असलेल्या मालाशी निगडित असल्याचे दिसले. त्यातील किमान तीन मालसंच धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडत असूनही तसे घोषित केलेले नव्हते.

१ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सुटे लिथियम-आयन घट प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास मनाई केली. मालवाहू विमानांतही त्यांचा भार क्षमतेच्या ३० टक्क्यांहून अधिक असू नये, असे ठरविण्यात आले. भार कमी असलेला घट सहसा तितक्या तीव्रतेने पेटत नाही, हे या मर्यादेमागील कारण होय.

अशा रीतीने नियमाची दृष्टी खोक्यावरून घटाच्या आतील अवस्थेकडे वळली. परंतु ही अवस्था बाहेरून दिसत नाही. बंद खोका स्वीकारणाऱ्यास पाठविणाराच्या घोषणापत्रावरच विसंबावे लागते. दुबईच्या अपघातात उणीव राहिली होती ती नेमकी याच ठिकाणी.