गुनाह आणि गुन्हा

वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर एक बातमी ठरावीक शब्दांत येत असते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर... शहराचे नाव बदलते, मजकूर तोच राहतो. लॉजवर पोलिसांचा छापा, दलालाला अटक, 'पिटा' कायद्याखाली गुन्हा दाखल आणि शेवटी एक ओळ : तीन महिलांची सुटका. चहा संपेपर्यंत आपण पुढच्या बातमीवर गेलेलो असतो. सुटका झालेली बाई पुढे कुठे गेली, तिला तिथे जायचे होते का, हे कोणी लिहीत नाही आणि आपणही विचारत नाही. न विचारण्याच्या या सवयीला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आज त्याबद्दल थोडे बोलावे म्हणतो.

मी कविता लिहितो, म्हणून शब्दांपासून सुरुवात करतो. 'गुनाह' हा फारसी शब्द. आमच्या घरात तो पाप या अर्थाने येतो. खोटे बोलणे गुनाह, कोणाचे मन दुखावणे गुनाह. त्याचा हिशेब माणूस आणि त्याचा परमेश्वर यांच्यात. मराठीत येताना त्याचा 'गुन्हा' झाला आणि त्याचा हिशेब पोलीस ठाण्यात होऊ लागला. दुसरा शब्द 'कसब'. हा अरबी. मूळ अर्थ कमाई. मराठीने त्याला कौशल्याचा अर्थ दिला. सुताराचे कसब, गवयाचे कसब असे आपण कौतुकाने म्हणतो. मात्र त्याच शब्दाची 'कसबीण' झाली की ती शिवी होते. पुरुषाच्या कमाईला कौतुक आणि बाईच्या कमाईला शिवी, हा निकाल भाषेने कायद्याच्या कितीतरी आधी देऊन टाकला होता.

हे शहाणपण मला उशिरा आले. २००५ साली ते नव्हते. त्या वर्षी १५ ऑगस्टपासून महाराष्ट्रात डान्सबारवर बंदी आली. अंबरनाथला आमच्या चाळीत एक बाई आपल्या मुलीसह भाड्याने राहत होती. उल्हासनगरच्या एका बारमध्ये ती नाचायची, हे सगळ्यांना माहीत होते. मुलीच्या शाळेचा अर्ज भरून घ्यायला ती माझ्याकडे आली होती. 'भाई, बाप का नाम लिखना जरूरी है क्या?' एवढेच तिने विचारले होते. बार बंद झाले आणि चाळीत कुजबुज सुरू झाली : आता हिचा घरखर्च कसा चालतो? पाहिलेले कोणीच काही नव्हते. तरी बैठक बसली, पोलिसांना अर्ज द्यायचे ठरले आणि मराठी चांगले म्हणून तो मी लिहिला. 'परिसराचे नैतिक वातावरण दूषित होत असून...' अशी त्याची सुरुवात होती. सह्या झाल्या. आठवड्याच्या आत खोली रिकामी झाली. संध्याकाळी अम्मीने मला एकच प्रश्न केला, 'उससे किसी ने पूछा था?' विचारले नव्हते. तिच्या मुलीचे नाव ज्या पेनने शाळेच्या अर्जात लिहिले, त्याच पेनने मी तिला घराबाहेर काढले होते.

पुढे मी हे कायदे वाचू लागलो, ते त्या प्रश्नामुळे.

इंग्रजांनी १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला. लष्करी छावण्यांत गुप्तरोग फार पसरले होते. उपाय असा निघाला की, वेश्यांनी सरकारदरबारी नाव नोंदवावे, ठरलेल्या दिवशी तपासणीला यावे, रोग आढळला तर 'लॉक हॉस्पिटल'मध्ये राहावे. न आल्यास शिक्षा. तपासणी बाईची; तिच्याकडे येणाऱ्याची नाही. मुंबईत हा कायदा १८७० साली लागू झाला, दोन वर्षांत थांबला, १८८० साली पुन्हा आला. इंग्लंडमध्ये तशाच कायद्याविरुद्ध जोसेफिन बटलर या बाईंनी रान उठवले होते. तिथला कायदा १८८६ साली गेला, आपल्याकडचा १८८८ साली. आज कोणी 'परवाने द्या, नोंदणी करा, म्हणजे प्रश्न मिटेल' असे म्हणतो, तेव्हा मला हे लॉक हॉस्पिटल आठवते. हा प्रयोग आपण करून बसलो आहोत. त्यात संरक्षण शिपायाचे झाले, बाईच्या वाट्याला पहारा आला.

त्यानंतर काळजीची भाषा आली आणि तिला कारणही होते. १९१७ साली मुंबईच्या डंकन रोडवरील कुंटणखान्यात आकूताई नावाच्या बाईचा छळ करून खून झाला. तिथून पळण्याचा प्रयत्न तिने केला होता. त्या खटल्याने शहर हादरले. चौकशी समिती नेमली गेली आणि १९२३ साली मुंबई प्रांताचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. बाईला विकणारे, डांबणारे, तिच्यावर जगणारे यांना शिक्षा हवी, याबद्दल कोणाचे दुमत असणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांपुढे भाषण केले. देवदासी, मुरळ्याही त्या सभेत होत्या. हे जगणे सोडा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या व्यवसायात कोणत्या जातीच्या मुली ढकलल्या जातात, हे त्यांना चांगले ठाऊक होते. म्हणून आज हा व्यवसाय गुन्ह्याच्या कक्षेतून काढण्याची मागणी करणाऱ्यांनीही ते भाषण बाजूला सारू नये. 'स्वेच्छा' हा शब्द उच्चारताना कोणाची स्वेच्छा आणि कोणत्या पर्यायांमधून, हे विचारायलाच हवे. फरक मला एवढाच दिसतो की, बाबासाहेब त्या बायकांच्या समोर उभे राहून त्यांच्याशी बोलले. कायदा बहुतेक वेळा त्यांच्याविषयी बोलत आला.

आमच्या उल्हासनगरचा जन्मही अशाच एका काळातला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले. त्याच वर्षी दिल्लीत, फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना परत आणण्याचा कायदा झाला. तो उत्तरेकडच्या प्रांतांसाठी होता. हेतू चांगला होता आणि अनेकींची त्याने खरोखर सुटका केली. परंतु नव्या घरात राहायचे म्हणणाऱ्या बाईचा शब्दही त्यात चालत नसे. स्वतंत्र देशाने सुटकेची ही रीत तेव्हाच शिकून घेतली.

सध्याचा 'पिटा' मूळचा १९५६ सालचा. १ मे १९५८ रोजी तो अमलात आला आणि त्याच दिवशी अलाहाबादच्या हुस्नाबाई नावाच्या तरुणीने उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले. तिचे म्हणणे साधे होते : राज्यघटना प्रत्येक नागरिकाला व्यवसायाचा हक्क देते, माझ्या कमाईवर माझे कुटुंब जगते, हा कायदा मला उपाशी ठेवतो. तांत्रिक कारणावरून याचिका फेटाळली गेली. पण ज्यांच्याविषयी फक्त बोलले जात होते, त्यांच्यातली एक बाई घटना हातात घेऊन न्यायालयात उभी राहिली, याची नोंद आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही.

या कायद्याबद्दल एक गैरसमज आहे. त्याने देहविक्रय हाच गुन्हा ठरवला, असे नाही. सज्ञान बाईने एकटीने, खासगी जागेत, स्वतःच्या मर्जीने तो केला तर कायदा काही म्हणत नाही. मात्र दोघींनी सुरक्षिततेसाठी एक खोली केली तर तिचा कुंटणखाना होतो. देऊळ, मशीद, शाळा, रुग्णालय यांच्यापासून २०० मीटरच्या आत गुन्हा होतो. उल्हासनगर किंवा अंबरनाथ स्टेशनबाहेर उभे राहून २०० मीटरमध्ये यातले काहीच नाही अशी जागा दाखवा, असे मी म्हणेन. गिऱ्हाईक बोलावले तर बाईला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद. तोच गुन्हा पुरुषाने केला तर जास्तीत जास्त तीन महिने. तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा १८ वर्षांवरील कोणीही आरोपी, म्हणजे तिच्या पैशांवर कॉलेजात शिकणारा मुलगाही कायद्याच्या तावडीत येऊ शकतो. १९८६ साली कायद्याचे नाव बदलले, हा सापळा तसाच राहिला.

दुसरी बाजू सांगणेही माझे काम आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतल्या छाप्यांत चारशेहून अधिक मुली सोडवल्या गेल्या. त्यांत नेपाळमधून आणलेल्या कितीतरी होत्या. तिथे परवानगी विचारत बसायचे नसते. लहान मुलीची संमती ही संमतीच नव्हे. 'गुन्हा काढून टाकला तर दलालांचे फावेल' ही भीती अनेक तळमळीचे कार्यकर्ते व्यक्त करतात आणि ती खोटी नाही. स्वीडनने म्हणूनच १९९९ पासून विकणाऱ्या बाईला मोकळे सोडून विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवले. न्यूझीलंडने २००३ साली वेगळी वाट घेतली : सज्ञानांचा व्यवहार गुन्ह्यातून काढला; जबरदस्ती आणि अल्पवयीन मुलींबाबत शिक्षा कायम ठेवली.

आपल्याकडे सांगलीत १९९६ साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. तिच्यात देवदासी परंपरेतून आलेल्या अनेकजणी आहेत. त्यांची मागणी परवान्याची नाही. आम्हाला गुन्हेगार समजू नका, म्हणजे कोणी मारले, लुटले, बलात्कार केला तर आम्हालाही पोलिसांकडे जाता येईल, एवढी ती आहे. अल्पवयीन मुलगी आणली गेली तर वस्तीत सर्वांत आधी कळते ते यांनाच. त्यांना पोलिसांची भीती असेल तर ती खबर कोण देणार?

न्यायालये आता हळूहळू विचारू लागली आहेत. डान्सबार बंदीचा कायदा २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. बड्या हॉटेलांना मुभा आणि साध्या बारना बंदी, हा दुजाभाव न्यायालयाला पटला नाही. बंदीमुळे रोजगार गेलेल्या अनेकींना देहविक्रयाकडे वळावे लागले, हेही न्यायालयाने नोंदवले. ते वाचताना आमच्या चाळीतली खोली डोळ्यांपुढे आली. २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने, सज्ञान असलेल्या तीन तरुणींना त्यांच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात ठेवता येणार नाही, असे सांगितले. त्याच वर्षी करोनाच्या टाळेबंदीत उपासमार झाली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने देहविक्रय करणाऱ्या महिलांना ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा पाच हजार रुपये देण्याचे ठरवले.

आणि १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात आदेश दिला. हे प्रकरण मुळात कोलकात्यातल्या एका वेश्येच्या खुनाचे. पोलिसांनी या स्त्रियांना सन्मानाने वागवावे, सुधारगृहात मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणे तपासून त्यांना सोडावे, निरोध हा पुरावा धरू नये, वर्तमानपत्रांनी त्यांची ओळख उघड करू नये, त्यांना आधार कार्ड मिळावे, असे न्यायालयाने म्हटले. अनेक ठिकाणी मथळा आला : 'वेश्याव्यवसाय कायदेशीर'. तसे काही झालेले नाही. काही शिफारशींवर केंद्र सरकारने आक्षेप नोंदवले आणि कायद्याच्या पुस्तकात कलमे जुनीच आहेत.

मला कोणी विचारते, तुम्ही मुसलमान, तुमच्या धर्मात हे निषिद्ध, मग बाजू कशी घेता? मी सांगतो, मी व्यवसायाची बाजू घेत नाही. तो माझ्या श्रद्धेत गुनाह आहे आणि राहील. त्याचा हिशेब ज्याच्याकडे द्यायचा त्याच्याकडे ती देईल, जसा त्या अर्जाचा मला द्यावा लागेल. मात्र प्रत्येक गुनाहाचा गुन्हा करायला आपण निघालो, तर तुरुंगाबाहेर कोण उरेल? मुलीला विकणारा, बाईला डांबणारा, हप्ता घेणारा हे गुन्हेगार. त्यांच्यासाठी कायदा कडक हवा. उरलेल्या सज्ञान बाईला आधी विचारावे. तिला बाहेर पडायचे असेल तर शिक्षण, घर, काम द्यावे; नसेल तर निदान मार खाल्ल्यावर तक्रार नोंदवण्याचा हक्क द्यावा.

आमची ती चाळ आता नाही, तिथे सात मजली इमारत आहे. गेल्या वर्षी तिथल्या एका गृहस्थांनी मला फोन केला. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या दोन मुलींबद्दल पोलिसांना अर्ज द्यायचा होता. 'तुमचे मराठी चांगले, दोन ओळी लिहून द्या,' म्हणाले. मी म्हटले, त्या मुलींशी कोणी बोलले आहे का? पलीकडे काही वेळ शांतता होती. मग 'बघतो' म्हणून त्यांनी फोन ठेवला. अर्ज दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतला असेल कदाचित. मी लिहिला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)