वत्सगुल्माची परसबाग

वाशीमचा इतिहास म्हटला की ताम्रपट येतो, वाकाटक येतात, अजिंठ्याला लेणी खोदवणाऱ्या हरिषेणाच्या काळाची आठवण येते. वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. पण या नगरातल्या घरांच्या मागे काय उगवत होते, हे विचारले तर उत्तर सापडत नाही. राजाने दान दिलेली जमीन तांब्यावर कोरली जाते. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला दुधी कुणी कोरून ठेवत नाही.

तरी एक साक्षीदार आहे, आणि तो अनपेक्षित ठिकाणी भेटतो. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेख आहे. तो राजवाड्यातल्या भानगडींच्या संदर्भात. त्याच ग्रंथाच्या चौथ्या अधिकरणात गृहिणीची कर्तव्ये सांगितली आहेत. तिने घराशेजारी बाग करावी, मध्ये विहीर किंवा तळे खणून घ्यावे, आणि मुळा, पालक, दवणा, अंबाडा, काकडी, वांगी, कोहळा, दुधी, सुरण, लसूण, कांदा यांचे बी जमवून योग्य वेळी पेरावे, असे तिथे म्हटले आहे. ही यादी खास वाशीमची नाही. पण वत्सगुल्माचे नाव ठाऊक असलेल्या माणसाने त्या काळची परसबाग कशी कल्पिली होती, हे तिच्यातून कळते.

यादी आजच्या वऱ्हाडी बाईला वाचून दाखवली, तर ती निम्म्याहून अधिक नावे ओळखेल आणि लगेच विचारेल, मिरची कुठे आहे? टमाटर कुठे आहे? पपई, पेरू, सीताफळ? ही सगळी अमेरिका खंडाची लेकरे. १४९८ साली पोर्तुगीज कालिकतला उतरले, आणि त्यानंतरच्या काळात त्यांच्या जहाजांतून यांतली बरीचशी आपल्याकडे आली. त्याआधीच्या मराठी स्वयंपाकात, म्हणजे चक्रधरांच्या काळातही, मिरची नव्हती. तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा होता.

पण सगळ्या पाहुण्यांचे स्वागत सारखे झाले नाही. मिरची झपाट्याने पसरली, कारण महाग मिऱ्याची जागा घेणारे स्वस्त तिखट सर्वांनाच हवे होते. सीताफळाला तर सीतेचे नाव मिळाले, रामफळाला रामाचे; इतके घरचे झाल्यावर परकेपण कोण विचारणार? टोमॅटो मात्र कितीतरी काळ दारातच थांबला. त्याच्या जुन्या नावांतूनच हे दिसते. मराठीत तो वेलवांगी, हिंदीत विलायती बैंगन, बंगालीत बिलाती बेगुन. म्हणजे तो वांग्याचा कुणी परदेशी नातेवाईक! वनस्पतिशास्त्राने पाहिले तर हे नाते खरेच आहे. दोघे एकाच कुळातले.

टोमॅटोला उशीर का झाला? माझ्या मते कारण चवीत आहे. टोमॅटो देतो आंबटपणा, आणि आंबटपणाची जागा आपल्याकडे रिकामी नव्हती. कोकणात आमसूल होते, देशावर चिंच होती, वऱ्हाडात चिंचेच्या जोडीला कैरी, ताक आणि अंबाडीची भाजी होती. १८८९ ते १८९३ या काळात जॉर्ज वॉटचा भारतीय उपजांचा कोश प्रसिद्ध झाला. त्यातही टोमॅटो मुख्यतः युरोपियनांसाठी लावला जातो, देशी लोकांना त्याची गोडी आता कुठे लागते आहे, अशाच अर्थाची नोंद आहे. साहेबाच्या बंगल्यामागच्या वाफ्यातून, माळ्यांच्या हातून, तो हळूहळू गावच्या वाडीत उतरला.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. वाशीम पुढे 'बासीम' जिल्ह्याचे ठाणे झाले. १९०५ मध्ये हा जिल्हा मोडून अकोल्यात मिळवला गेला आणि १९९८ मध्ये पुन्हा वेगळा झाला. या राजवटीचे लक्ष होते कापसावर. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. शेताची मोजणी झाली, सारा ठरला, पिकांचे तक्ते झाले. परसातल्या चार वांग्यांवर सारा नव्हता, म्हणून त्यांना तक्त्यात जागाही नव्हती. सरकारी कागदात न आलेल्या या बागेचा सांभाळ मुख्यतः बाईकडे होता, हा काही योगायोग नव्हे.

आता ऋतूकडे येऊ. बागकामाची इंग्रजी पुस्तके टोमॅटोचा हंगाम वसंतात सुरू करतात, कारण तिकडे वसंत म्हणजे बर्फ वितळण्याची वेळ. आपल्याकडे वसंत म्हणजे उन्हाळ्याची वर्दी. दिवसाचे तापमान पस्तिशीच्या पुढे गेले की टोमॅटोची फुले गळू लागतात, फळ धरत नाही. आणि वाशीमचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो. म्हणून इथला सोपा टोमॅटो पावसाळा सरताना रोप टाकून हिवाळ्यात खाण्याचा. जानेवारीत लावलेला हवा असेल, तर केळीची किंवा मांडवावरच्या वेलाची सावली हवी, बुडाशी पाचोळ्याचे आच्छादन हवे, आणि पाणी हवे. वसंतात खरी मजा फळझाडांची: आंब्याला कैऱ्या लागतात, चिंचा उतरतात, हस्त बहार धरला असेल तर लिंबूही हाताशी येतो.

पाण्यापाशी ही गोष्ट अडते. वाशीमचा बराच भाग पठारावर आहे. इथे पडलेला पाऊस काटेपूर्णेतून तापीकडे जातो, तर अडाणातून गोदावरीच्या खोऱ्याकडे. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती इथेच उगम पावतात, पण त्यांचे भरलेले पात्र पुढच्यांना मिळते. काळ्या खडकातल्या विहिरी फाल्गुन-चैत्रात तळ गाठतात. कामसूत्रातली गृहिणी बागेच्या मध्ये विहीर खणवते, कारण ती सधन घरची आहे. ज्यांना गावच्या विहिरीला हात लावायची मनाई होती, त्यांनी परसबाग कोणत्या पाण्यावर करायची? महाडला १९२७ मध्ये तळ्याचा सत्याग्रह झाला तो माणुसकीच्या हक्कासाठी. पण घोटभर पाण्याचा हक्क नाकारला की त्याबरोबर हिरव्या भाजीचा वाफाही नाकारला जातो. परसबाग 'गरिबाची' म्हणणे सोपे आहे. तिला घरामागे जागा लागते, पाणी लागते, आणि या दोन्ही गोष्टी गावात सारख्या वाटलेल्या नव्हत्या.

आज अंगणवाड्यांतून, बचत गटांतून पोषण परसबागेचा आग्रह धरला जातो, आणि तो योग्यच आहे. भोवती सोयाबीनचा समुद्र असलेल्या गावात भाजी बाजारातून येते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला, तेव्हा मजुराच्या घरातून तो नाहीसा झाला. ज्या फळाला आपण कितीतरी वर्षे दारात उभे केले, त्याच्यावाचून आज भाजी अळणी वाटते. पण परसातली अंबाडी मात्र आपण विसरलो.

वात्स्यायनाच्या यादीत सर्वात मोलाचे मला वाटते ते बी जमवणे. पिकलेले वांगे, वाळलेला दुधी राखून ठेवायचा, राखेत बी घोळून मडक्यात भरायचे, हे ज्ञान आजीकडून नातीकडे गेले. बाजारातल्या संकरित टोमॅटोचे बी धरले तर पुढच्या पिढीत तोच गुण येईल याची खात्री नसते, म्हणून दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागते. परसबागेची योजना पाकिटे वाटून सुरू होईल, पण दुसऱ्या वर्षी ती टिकायची असेल तर सरळ वाणाचे बी आणि चैत्रातले दोन हंडे पाणी, एवढे त्या बाईच्या हाती राहिले पाहिजे.